तेविसावा झोका

शीतलबेनने पहिल्याच भेटीत जे मागितलं, ते लोटू सोनवणेला अपमानासारखं लागलं.

ती सुरतेतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची. भूकंपात लोखंडी इमारतींचे वेल्डिंगचे सांधे नेमके केव्हा तुटतात, हे आधीच गणिताने सांगता येईल का, यावर तिचं काम चालू होतं. त्यासाठी तिला बीम आणि कॉलम जोडलेले सहा सांधे हवे होते, खेळण्यातले नव्हे, इमारतीत असतात त्याच मापाचे. शहराबाहेरच्या सचिन या औद्योगिक वसाहतीतल्या चेतनभाईच्या वर्कशॉपला ते काम मिळालं आणि चेतनभाईने लोटूला पुढे केलं. दुसऱ्या कोणाला करण्याचा प्रश्नच नव्हता. लोटूच्या हातचा सांधा तपासणीत फेटाळला गेला, असं गेल्या वीस वर्षांत त्या वर्कशॉपमध्ये कोणी ऐकलं नव्हतं.

सहापैकी तीन सांधे तिला पुस्तकाबरहुकूम हवे होते. उरलेल्या तीन सांध्यांबद्दल ती म्हणाली, "लोटूभाई, हे तीन मला तुम्ही साइटवर करता तसे करून द्या. चौथ्या मजल्यावर, वारा सुटलाय, फोरमन खालून घाई करतोय. तसे."

"तसे म्हणजे खराब?" लोटूने विचारलं.

"तसे म्हणजे खरे," ती म्हणाली. "चांगल्या सांध्याचं गणित मला जमतं. इमारतींमध्ये जे सांधे आहेत, त्यांचं जमत नाही."

लोटूने मान डोलावली, पण दुपारचा डबा त्याने अर्धाच खाल्ला.

लोटू खानदेशातल्या चोपडा तालुक्यातला. एकोणिसाव्या वर्षी ताप्ती लाइनच्या गाडीने सुरतेला उतरला आणि पांडेसऱ्यात लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात लागला. दोन वर्षांत कान बधिर व्हायची वेळ आली, तेव्हा तो हजीऱ्याला एका प्लांटच्या बांधकामावर वेल्डिंगच्या केबली ओढायला गेला. तिथल्या एका मल्याळी वेल्डरने त्याचा हात पाहिला. या माणसाचा हात हलत नाही, एवढंच तो म्हणाला आणि वेल्डिंगचा रॉड धरायचा आपला होल्डर त्याने लोटूच्या हातात दिला. तेव्हापासून लोटूने दुसरं काम केलं नाही. श्वास सोडताना रॉड पुढे न्यायचा आणि घेताना क्षणभर थांबायचं, ही त्याची लय होती. बमरोलीतल्या दोन खोल्या, एका पोरीचं लग्न, भिंतीवरची दोन प्रमाणपत्रं, हे सगळं त्या लयीवर उभं राहिलं होतं. आता त्याला चोपन्न पुरी झाली होती.

त्याची बायको शोभाबाई सचिनमध्येच मनहरभाईंच्या सहा मजली कारखान्यात साड्यांचे सुटे धागे कापायला जायची. तो कारखाना काँक्रीटचा नव्हता, लोखंडी बीम-कॉलमचा होता. दोन हजार तेरा साली तो उभा करणाऱ्या टोळीत लोटू होता. शोभाबाईला तिथं काम मिळालं तेही त्याच ओळखीने, आणि तिला चौथ्या मजल्यावर बसायला जागा मिळाली तेव्हा ती मैत्रिणींना आपल्या अहिराणीत सांगायची, हे डोक्यावरचं लोखंड मन्हा मालकनी जोडेल शे. लोटू त्या वेळी काहीच बोलायचा नाही. बायका समजायच्या, माणूस लाजाळू आहे.

साइटवरच्यासारखे तीन सांधे करायला लोटूने आठवडा घेतला. बीमची खालची जाड पट्टी, जिला कारागीर फ्लँज म्हणतात, ती कॉलमला जोडताना वितळलेलं लोखंड खाली गळू नये म्हणून खालून एक बारकी पट्टी लावतात. वेल्डिंग झाल्यावर ती काढून टाकून खालची बाजू घासून पुन्हा भरायची असते. साइटवर ती कोणी काढत नाही. शिवाय बीमची उभी प्लेट बरोबर मध्ये येते, त्यामुळे खालच्या फ्लँजचं वेल्डिंग एका ओळीत होत नाही. वेल्डर एका बाजूने मध्यापर्यंत येतो, थांबतो, वळसा घालून दुसऱ्या बाजूने येतो. जिथे थांबून पुन्हा सुरुवात होते, तिथे कचरा अडकतो. आणि तपासणीच्या मशीनलाही नेमकी तीच जागा नीट दिसत नाही.

लोटूने पट्ट्या तशाच ठेवल्या. मध्ये थांबला, पुन्हा सुरू केलं. दोन सांधे असे झाले.

तिसऱ्या वेळी मात्र तो बराच वेळ रॉडच्या ओव्हनसमोर उभा राहिला. हे रॉड तापवून कोरडे करूनच वापरायचे असतात. ओलसर रॉड वापरला तर वेल्डिंग वरून देखणंच होतं, पण ओलाव्यातला वायू तापल्या लोखंडात शिरतो आणि एक-दोन दिवसांनी, सगळं थंड झाल्यावर, आतल्या आत चीर पडते. बाहेरून कळतही नाही. लोटूने ओव्हनचं दार उघडलं नाही. शेडच्या कोपऱ्यात उघडा पडलेला जुना पुडा होता, ऑगस्टच्या हवेने दमटलेला, तो त्याने उचलला. कोणी त्याला तसं सांगितलं नव्हतं. साइटवर करता तसे, एवढंच त्या बाईने म्हटलं होतं, आणि लोटूच्या हाताला आठवत होतं की साइटवर एकदा असं झालं होतं. त्या सांध्यावर त्याने खडूने सहा आकडा लिहिला आणि घरी गेल्यावर डोकं दुखतंय म्हणून आडवा झाला.

कॉलेजच्या लॅबमध्ये माणसाच्या तिप्पट उंचीची जाड काँक्रीटची भिंत होती. कॉलम तिला घट्ट बांधलेला आणि बीम हवेत आडवा बाहेर आलेला. बीमच्या मोकळ्या टोकाला मोठा जॅक लावला होता. तो टोकाला वर ढकलायचा, मग तेवढंच खाली ओढायचा. एकदा वर, एकदा खाली म्हणजे एक झोका. आधी बारीक झोके, मग मोठे, मग आणखी मोठे. सांध्याला चुना फासला होता, म्हणजे लोखंड ताणलं गेलं की चुन्याचे पापुद्रे सुटून ते दिसावं.

शीतलबेनने लोटूला समजावलं होतं की तार हाताने वाकवून तोडताना जसं होतं, तसंच हे आहे. तार पहिल्या वेळी तुटत नाही, पण प्रत्येक वाकवण्यात आत काहीतरी खर्च होतं आणि शेवटी हिशेब संपतो. लोखंडाजवळ किती शिल्लक असते, हे तिने आधी खाचा घेतलेल्या कांड्या ओढून तोडून मोजलं होतं. मग सांध्याच्या कुठल्या कोपऱ्यात प्रत्येक झोक्याला किती खर्च होतो, ते कॉम्प्युटरवर काढलं होतं. पुस्तकाबरहुकूम केलेले तिन्ही सांधे तिच्या आकड्याच्या एखाद-दुसऱ्या झोक्यातच तुटले होते. साइटसारखे पहिले दोन जरा आधी, पण तेही फार चुकले नव्हते. सहाव्यासाठी फळ्यावर आकडा लिहिला होता, सत्तावीस.

जॅक सुरू करण्याआधी तिने सहज विचारलं, "लोटूभाई, तुमचा आकडा?"

लोटूने सांध्याकडे पाहिलं. त्याला खोटं बोलता आलं नाही. "चोवीसच्या आत," तो म्हणाला.

तिने भुवया उंचावल्या, पण फळ्यावर ते लिहिलं.

सुरुवातीचे झोके बारीक होते, डोळ्यांना कळतही नव्हते. अठरा झाले. मग टोक तीन-तीन सेंटिमीटर वरखाली होऊ लागलं आणि सांध्याजवळच्या चुन्यात केसासारख्या रेषा उमटल्या. एकोणीस, वीस, एकवीस, बावीस. लॅबमधला मुलगा आकडे मोठ्याने म्हणत होता. लोटूचे हात पाठीमागे बांधलेले होते आणि बोटं बोटांत रुतली होती. आपलं म्हणणं खोटं ठरावं, असं त्याला मनापासून वाटत होतं. सत्तावीस जावेत, तीस जावेत, मग तो हसून म्हणाला असता, बेन, माझं चुकलं.

तेविसाव्याला झोका वाढवला. टोक साडेचार सेंटिमीटर वर जायचं होतं. ते चारपर्यंत गेलं आणि बंदूक उडावी तसा आवाज झाला. सगळे दोन पावलं मागे सरले. चुन्याची पूड हवेत उडाली. खालचा फ्लँज कॉलमपासून साफ सुटला होता. वाकला नव्हता की ताणलाही नव्हता, काचेसारखा तुटला होता.

शीतलबेन टॉर्च घेऊन बराच वेळ त्या तुटक्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने लोटूला जवळ बोलावलं. तुटलेला भाग साखरेच्या खड्यांसारखा चकाकत होता, पण मधोमध, जिथे वेल्डिंग थांबून पुन्हा सुरू होतं, तिथे अंगठ्याच्या नखाएवढा काळपट चट्टा होता.

"ही चीर आजची नाही," ती म्हणाली. "आधीपासून आत होती. तुम्हाला ठाऊक होतं."

लोटूने ओल्या रॉडचं सांगितलं. ती रागावली नाही. उलट वहीत भराभर लिहू लागली. मग मान वर न करता तिने विचारलं की साइटवर असं खरंच होतं का.

"कधी कधी," लोटू म्हणाला आणि तोंड धुवायला गेला.

आठ दिवसांनी तिचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. तो चट्टा गणितात धरला तर आकडा बरोबर तेवीस येतो, ती सांगत होती. म्हणजे आत कशा प्रकारची चीर आहे हे कळलं, तर कुठल्याही इमारतीचा सांधा किती झोके सोसेल ते सांगता येईल. लोटू हां हां म्हणत राहिला. दहा वर्षं त्याने एका गोष्टीवर भिस्त ठेवली होती, की कोणालाच काही सांगता येत नाही. ती आता उरली नव्हती.

त्यानंतर पाचव्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, वर्कशॉपमध्ये छतापासून लोंबणारी साखळी आपोआप हलू लागली. कोणी म्हणालं वारा, कोणी म्हणालं बाजूच्या प्रेसचा हादरा. मग पत्रे थरथरले, पाण्याच्या टाकीत लाटा उठल्या आणि चारपाच सेकंदांत सगळं थांबलं. भूकंप होता, अगदी हलका. पोरं हसत बाहेर आली आणि मोबाइलवर बातम्या शोधू लागली.

लोटूने शोभाबाईला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लागला नाही तेव्हा तो वेल्डिंगची काच तशीच डोक्यावर ठेवून रस्त्यावर पळाला आणि समोरून आलेल्या रिक्षात बसला. तीन किलोमीटरच्या त्या रस्त्यात रिक्षावाला दोन हजार एकच्या भूकंपाच्या गोष्टी सांगत होता. लोटूला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही. तो फक्त पुढच्या वळणानंतर सहा मजले दिसतात की नाही, एवढंच बघत होता.

सहा मजले दिसले. बायका अंगणात जमल्या होत्या, काही घाबरलेल्या, काही हसणाऱ्या. सुपरवायझर त्यांना पुन्हा वर चला म्हणत होता. शोभाबाई नळावर पाणी पीत होती. डोक्यावर काच लावलेला, घामाने भिजलेला नवरा दिसला तशी ती दचकली.

"तुम्ही आठे कसाले उनात?"

"वर नको जाऊ," लोटू म्हणाला.

फाटकाच्या बाहेर, भिंतीच्या सावलीत त्याने तिला सगळं सांगितलं. तेराच्या पावसाळ्यात रॉडचा ओव्हन अकरा दिवस बंद पडला होता. दिवाळीआधी कारखाना सुरू करायचा म्हणून शेठची घाई होती, आणि फोरमन म्हणाला होता, शेगडीजवळ ठेवा रॉड, तेवढं चालतं. त्या अकरा दिवसांत लोटूने तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरच्या छताचे पूर्वेकडचे सांधे भरले होते. अठरा सांधे. मशीनवाला तपासायला आला तेव्हा काही ठिकाणी मशीनवर खूण उमटली होती, पण खालच्या पट्टीमुळे तशी खूण उमटतेच, म्हणून त्याने सगळे पास केले. लोटू तेव्हा तिथेच उभा होता आणि गप्प राहिला होता. फोरमन नंतर वारला. रोजचं ओझं इमारत निमूट पेलत होती. पंखे, मशीनं, कापडाचे तागे, माणसं, याने काही होणार नव्हतं. पण मोठा भूकंप आला तर काय होईल, ते त्याने लॅबमध्ये डोळ्यांनी पाहिलं होतं.

तो थांबला तेव्हा शोभाबाई म्हणाली, "सहा वरीसपासून मी तठे जास. तुमले माहीत व्हतं."

"माहीत नव्हतं," तो म्हणाला. "भेव व्हतं."

ती वळली आणि फाटकातून आत गेली. लोटूला वाटलं, ही रागाने वर चालली. पण ती अंगणातच थांबली, चौथ्या मजल्याच्या बायकांना जवळ बोलावलं आणि ऐकलं होतं ते जसंच्या तसं त्यांना सांगितलं. आपल्या नवऱ्याचं नावही लपवलं नाही. त्या दिवशी चाळीसेक बायका वर गेल्या नाहीत.

संध्याकाळपर्यंत चेतनभाईला कळलं होतं. तो लोटूला लहानपणापासून काका म्हणायचा. त्याने आरडाओरडा केला नाही, दार लावून घेतलं आणि विचारलं की काका, तुम्हाला माझ्या वडिलांचं नाव मातीत घालायचंय का. ते काम त्यांनी घेतलं होतं, तुम्ही त्यांच्या हाताखाली होतात, आणि दहा वर्षांनी आज आठवलं? चेतनभाई म्हणाला, उद्यापासून येऊ नका. लोटूने हातमोजे टेबलावर ठेवले आणि तो बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी त्याने शीतलबेनला सगळं सांगितलं. मग दोघं मनहरभाईंकडे गेले.

मनहरभाई साठीचे, शांत बोलणारे. त्यांनी चहा मागवला आणि विचारलं की जी इमारत दहा वर्षं उभी आहे, ती पडणार असं तुम्ही कशावरून म्हणता.

"पडणार असं मी म्हणत नाही," शीतलबेन म्हणाली. "भूकंप कधी येईल ते मला सांगता येत नाही, कोणालाच येत नाही. तो आला तर हे सांधे किती झोके सोसतील, तेवढंच मी सांगू शकते. आणि तेही आत चीर आहे की नाही हे बघितल्यावर."

मनहरभाईंनी नकार दिला. छताखालचं सगळं उघडायचं, रंग खरवडायचा, लोखंड घासायचं, आणि तेही एका माणसाच्या आठवणीवर? त्यांचं म्हणणं अगदी चुकीचंही नव्हतं. पण तिसऱ्या दिवशीही बायका वर गेल्या नाहीत, चौथ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरचे कारागीरही खाली उतरले आणि अंगणात बसून राहिले. त्यात शोभाबाई सगळ्यात पुढे होती. घरी ती लोटूशी बोलत नव्हती. भाकरी वाढायची आणि उठून जायची.

पाचव्या दिवशी मनहरभाईंचा निरोप आला. कारखान्याच्या सुटीच्या दिवशी तीन सांधे उघडून बघा. तीनच. त्यात काही निघालं नाही, तर हा विषय संपला.

अठरांतले तीन. लोटूने रात्रभर विचार करून कागदावर खुणा केल्या. सुटीच्या दिवशी सकाळी आठला ते वर चढले. शीतलबेन, तिचे दोन विद्यार्थी आणि लोटू. मनहरभाई खुर्ची घेऊन बसले. चेतनभाईही आला होता, हात बांधून खिडकीशी उभा.

काम सोपं होतं पण वेळखाऊ. खालची पट्टी काढायची, ग्राइंडरने जागा गुळगुळीत करायची, मग तिथे लाल पातळ रंग फवारून वाट बघायची. चीर असेल तर रंग तिच्यात शिरतो. मग वरचा रंग पुसून पांढरी पूड मारायची. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते.

पहिला सांधा जिन्याजवळचा. पूड मारून पंधरा मिनिटं सगळे बघत राहिले. पांढरं ते पांढरंच राहिलं. चेतनभाईने मोठा श्वास सोडला. दुसरा सांधा तिसऱ्या मजल्यावरचा, कोपऱ्यातला. तिथेही काही नाही. लोटूने स्वतः जवळ जाऊन पाहिलं, टॉर्च फिरवला, काही नाही.

मनहरभाई उठून उभे राहिले. म्हणाले, लोटूभाई, तुमचं मन साफ आहे हे मला दिसतं. पण तुम्ही उगीच जिवाला लावून घेतलंय.

लोटूच्या मनात त्या वेळी काय आलं, ते त्याने पुढे फक्त शोभाबाईला सांगितलं. त्याला वाटलं, तिसराही कोरा निघू दे. कागदावर तिसरी खूण पूर्वेच्या रांगेतल्या उत्तर टोकाच्या सांध्यावर होती, आणि तो सांधा त्याने मुद्दाम निवडला होता, कारण तो अकराव्या दिवशीचा होता, शेगडीजवळ बऱ्यापैकी सुकलेल्या रॉडचा. सगळ्यात वाईट दिवस तिसरा होता. त्या दिवशी सकाळपासून झड लागली होती आणि शेगडीही विझली होती. त्या दिवशी भरलेला सांधा माल चढवायच्या लिफ्टजवळ होता, धागे कापायच्या टेबलांच्या बरोबर वर. शोभाबाई ज्या टेबलाशी बसायची, त्याच्यावर. कागदावर खूण करताना त्याचा हात त्या जागेवर गेला होता आणि मागे आला होता.

विद्यार्थ्याने उत्तर टोकाला शिडी लावली. लोटू म्हणाला, "तिथं नाही. इथं."

त्याने शिडी स्वतः उचलून लिफ्टजवळ आणली. ग्राइंडर दुसऱ्या कोणाच्या हातात दिला नाही. पट्टी निघाली, जागा घासून झाली, लाल रंग मारला. वीस मिनिटं वाट पाहिली. खालून रस्त्यावरच्या टेम्पोचा आवाज येत होता. शीतलबेनने रंग पुसला, पांढरी पूड फवारली आणि बाजूला झाली.

आधी एक ठिपका आला. मग शेजारी दुसरा. मग दोन्ही जुळले आणि रेघ हळूहळू दोन्हीकडे वाढत गेली. शीतलबेनने मोजपट्टी लावून मोजली. बेचाळीस मिलिमीटर.

मनहरभाई जवळ आले, चष्मा पुसून पुन्हा लावला, आणि त्यांनी ती रेघ बोटाने हलकेच शिवून पाहिली. बोटाला लाल लागलं.

"सगळे अठरा बघा," ते म्हणाले.

अठरांपैकी सातांत चिरा निघाल्या. शीतलबेनने गणित करून दिलं. लिफ्टजवळचा सांधा मोठ्या भूकंपाचे फार थोडे झोके सोसला असता, बाकीचे त्याहून बरे. चौथ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या पूर्वेकडची मशीनं खाली आणली, बीमांना टेकू दिले आणि ते सात सांधे मुळापासून खरवडून पुन्हा भरायचे ठरले. दुरुस्ती करणाऱ्या प्रत्येक वेल्डरची नव्याने परीक्षा होईल, अशी शीतलबेनची अट होती. लोटूने परीक्षेला नाव दिलं तेव्हा मनहरभाईंच्या माणसाने स्पष्ट विचारलं की ज्याच्या हातून हे झालं, त्यालाच पुन्हा कशाला. लोटू म्हणाला, परीक्षेत नापास झालो तर नका घेऊ. पंचविशीतल्या पोरांच्या रांगेत उभं राहून त्याने प्लेट भरून दिली. ती वाकवून पाहिली, कापून पाहिली. पास झाली. सातांपैकी चार सांधे त्याने भरले. रोज सकाळी आधी ओव्हनचा काटा बघायचा, मगच शिडी चढायचा. लिफ्टजवळचा सांधा मात्र त्याने दुसऱ्या वेल्डरला दिला. का, ते कोणी विचारलं नाही.

कामाला अडीच महिने लागले. मधल्या काळात बायका तळमजल्याच्या शेडमध्ये धागे कापत होत्या. एक दिवस डबा खाताना शोभाबाई वर आली, टेकूंच्या मधून वाट काढत लोटूपाशी उभी राहिली आणि किती राहिलं म्हणून विचारलं. दोन महिन्यांत ती पहिल्यांदा त्याच्याशी आपणहून बोलली होती. त्याने दोन बोटं दाखवली, दोन सांधे. ती म्हणाली, घाई नका करू. आणि खाली गेली.

चेतनभाईने त्याला परत बोलावलं नाही. बाजारात लोटूचं नाव आता दोन तऱ्हांनी घेतलं जातं. काही जण म्हणतात, स्वतःच्या अन्नात माती कालवणारा माणूस. काही जण नुसतेच मान हलवतात. तो आता आठवड्यातले तीन दिवस शीतलबेनच्या लॅबसाठी सांधे करतो आणि उरलेले दिवस मिळेल तिथे. ओव्हन चालू नसेल त्या साइटवरून तो परत येतो, आणि असं दोनदा झालं आहे.

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी वाल्मिक त्याच्या घरी आला. वाल्मिक पाटील, अमळनेरकडचा, पांडेसऱ्यात राहणारा वेल्डर, लोटूपेक्षा दहा वर्षांनी लहान. त्यांची फार ओळख नव्हती. वाल्मिक ओट्यावर बसला, पाऊसपाण्याच्या, गावच्या, कापसाच्या गप्पा मारत राहिला. शोभाबाईने एकदा चहा दिला, मग दुसऱ्यांदा दिला. उठायचं लक्षण दिसेना. शेवटी दुसऱ्या चहाचा कप खाली ठेवून, जमिनीकडे बघत तो म्हणाला, "आप्पा, एक बिल्डिंग मन्ही बी शे."

लोटूने कुठली म्हणून लगेच विचारलं नाही. त्याने आधी शोभाबाईकडे पाहिलं. ती चुलीजवळून उठली, वाल्मिकच्या समोर येऊन बसली आणि म्हणाली, "सांग भाऊ. सुरुवातपासून सांग."